पोटाला सौम्य

औषध डॉक्टरला सांगायचं असतं, पेशंटला नाही, हे कंपनीने मला मुंबईच्या एका हॉटेलात पंधरा दिवस ठेवून शिकवलं होतं. तरीही मी ते पेशंटला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, हातात दिलं. आणि ज्याला द्यायला नको होतं नेमकं त्यालाच दिलं.

मी तेव्हा एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. आमच्या आईला हे पद शेजारी समजावून सांगता येत नसे, म्हणून ती 'तो रोज डॉक्टरांकडे जातो' एवढंच सांगायची. त्यावर शेजारच्या काकू हळहळायच्या आणि 'मऊ भात पाठवू का?' म्हणून विचारायच्या. एप्रिल महिन्यात गळ्याशी टाय, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मोपेडच्या पुढ्यात चामड्याची फुगलेली बॅग, अशा थाटात सदाशिव पेठेतून जाणाऱ्या माणसाबद्दल कुणालाही तसंच वाटलं असतं.

आमची गोळी सांधेदुखीवरची होती. तिचं नाव लिहीत नाही. कंपनी केव्हाच दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली, आणि गोळी आता कुठल्या नावाने हिंडते ते मला ठाऊक नाही. बॅगेत तिची सँपलं असत. शिवाय डॉक्टरांना भेट द्यायला गुडघ्याच्या आकाराचा प्लॅस्टिकचा पेपरवेट असे. तो वाकवला की कट् असा आवाज यायचा. आपल्या गोळीने बरा झालेला गुडघा कटकट का करतो, असं मी ट्रेनिंगमध्ये विचारलं होतं. तेव्हा माझ्या नावापुढे 'नकारात्मक वृत्ती' अशी नोंद झाली.

पण खरं हत्यार म्हणजे पुस्तिका. चकचकीत, जाड पानांची. ती डाव्या हातात छातीच्या उंचीवर धरायची, आणि उजव्या हातातल्या पेनाने ओळी दाखवायच्या. बोटाने दाखवायच्या नाहीत, बोट अडाणी दिसतं. गोळीचं नाव निदान तीनदा घ्यायचं आणि प्रत्येक वेळी नावानंतर हसायचं. पान एकवर धावणारी म्हातारी, पान दोनवर आलेख, पान तीनवर कुणा परदेशी प्राध्यापकाचं मत आणि पान चारवर माणसाचं पोट. त्या पोटावर एक मोरपीस ठेवलेलं होतं आणि वर इंग्रजीत 'पोटाला सौम्य' अशा अर्थाचं वाक्य होतं. कशापेक्षा सौम्य आणि कुणाच्या पोटाला, ते पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. ते डॉक्टरांपासून लपवा असं आम्हाला कुणीही शिकवलं नाही. फक्त अंगठा नेमका त्या ओळींवर येईल, अशी पुस्तिका धरायला शिकवलं.

माझ्या वाट्याला आलेल्या डॉक्टरांत सदाशिव पेठेतले एक वयस्कर डॉक्टर सगळ्यांत महत्त्वाचे होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. ज्याचे गुडघे खरोखर कामातून गेलेत तो वरपर्यंत पोचतच नसे, त्यामुळे डॉक्टरांकडे बऱ्या होणाऱ्या सांधेदुखीचं प्रमाण चांगलं होतं असं त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणत. गर्दी मात्र उदंड. दर पाच पेशंटांमागे एक एमआर आत सोडायचा असा तिथला नियम. तासभर बाकावर बसून माझी पाळी आली की डॉक्टर मान वर न करता म्हणत, "बोला." मी पान एक उघडून, "सर, आमची—" म्हणेपर्यंत ते म्हणत, "ठेवा तिथे. पुढचा कोण आहे?" धावणारी म्हातारी त्यांनी कधी बघितलीच नाही.

माझी सहा महिन्यांची उमेदवारी होती. त्यातले चार संपले होते. आमचे साहेब, म्हणजे विभागाचे मॅनेजर, मला म्हणाले, "हे एक डॉक्टर लिहायला लागले की खालचा केमिस्ट माल ठेवतो, केमिस्टने ठेवला की आजूबाजूचे डॉक्टर लिहितात. हे लिहायला लागले तर तू कायम. नाही तर वडिलांना सांग, दुसरीकडे कुठे शब्द टाकता आला तर बघा." वडील निवृत्त हेडक्लार्क. त्यांचे टाकायचे सगळे शब्द मला ही नोकरी लागेपर्यंतच टाकून झालेले होते. त्यात त्यांनी नातेवाइकांना मी कायम झालोच असं परस्पर कळवूनही टाकलं होतं.

अशा अवस्थेत मी बाकावर बसलेला असताना शेजारच्या गृहस्थांनी माझ्या बॅगेकडे हनुवटीने खूण केली.

"काय विकता?"

"विकत नाही काका, माहिती देतो."

"मग द्या. आम्ही रिकामेच आहोत."

ते निवृत्त पोस्टमास्तर होते. धोतर, काळी टोपी, हातात गोल मुठीची काठी, आणि दोन्ही गुडघे धरलेले. खरं म्हणजे मी हसून विषय टाळायला हवा होता. पण चार महिन्यांत 'द्या माहिती' असं म्हणणारा हा पहिला माणूस. मी पुस्तिका काढली, छातीशी धरली, पेन उघडलं. समोरच्या बाकावरच्या दोन काकू आपोआप पुढे सरकल्या.

"ही कोण?" पान एक बघून एक काकू म्हणाल्या.

"आपली गोळी घेतलेली पेशंट."

"पळतेय कुठे?"

"काकू, ते प्रतीक आहे. म्हणजे गुडघे इतके—"

"ते कळलं हो. पण या वयात पळायची वेळ का आली तिच्यावर? मुलं बघत नाहीत वाटतं."

पान दोनवर पोस्टमास्तरांनी चष्मा बदलला. आलेखात दोन खांब होते, आमचा उंच आणि बाकीच्यांचा बुटका. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे खांब मधूनच का उगवलेत? खालचा भाग कुठे गेला?"

चार महिने मी तो आलेख लोकांना दाखवत होतो. खालचा भाग नाही हे मला त्या दिवशी कळलं.

"जागा पुरली नसेल," मी म्हणालो.

"खालपासून काढले असते तर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसले असते की."

"साधारण तसंच, काका."

"हुशार माणसाने काढलंय," ते मनापासून म्हणाले. "आमच्या पोस्टात हे कुणाला सुचलं असतं तर आमचंही नाव झालं असतं."

त्या बाकाने मला पाऊण तास दिला. चारही पानं झाली. नाव तीनदा घेऊन झालं, तीनदा हसून झालं, आणि तिसऱ्यांदा काकूही माझ्याबरोबर हसल्या. मोपेडवरून घरी जाताना मला एखाद्या गवयाला मैफल रंगल्यावर वाटत असावं तसं वाटत होतं. वास्तविक एका डॉक्टरकडे महिन्यातून दोनदा जायचं असतं. मी दिवसाआड जायला लागलो. आत नाही, बाकावर. दवाखान्याचा कंपाउंडर पुड्या बांधता बांधता म्हणायचा, "या टायवाले. आज कीर्तनाला उशीर झाला." त्याला मी दोन गुडघे दिले होते, त्यामुळे त्याची हरकत नव्हती.

मग मला ती कल्पना सुचली. डॉक्टर माझं ऐकत नाहीत, पेशंट ऐकतात, आणि डॉक्टरांना पेशंटचं ऐकावंच लागतं. तेव्हा पेशंटनेच नाव घेऊन गोळी मागितली तर? मला वाटलं, एवढी साधी गोष्ट मुंबईच्या हॉटेलातल्या लोकांना कशी सुचली नाही. मी बाकावरच्या मंडळींना नाव पाठ करून दिलं. पुढच्याच सोमवारी संध्याकाळी एकामागून एक सात जणांनी आत जाऊन आमची गोळी मागितली. एका काकूंनी तर माझं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि शेवटी 'सर' म्हणाल्या.

सातव्या पेशंटनंतर डॉक्टर स्वतः दारात आले. मी त्यांना उभं असलेलं प्रथमच पाहिलं.

"आज सगळ्यांना एकच गोळी कशी आठवली?" त्यांनी विचारलं. "मुहूर्त आहे का?"

बाकावरचे सगळे छताकडे बघत बसले. एकाचीही नजर माझ्याकडे वळली नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे मात्र दोन क्षण पाहिलं आणि आत गेले. गोळी कुणालाच मिळाली नाही.

सर्वांत जास्त अपमान पोस्टमास्तरांना वाटला. जिन्यात त्यांनी मला गाठलं. "मला म्हणाले, तुमच्या पोटाला झेपायची नाही. पूर्वी एकदा माझ्या पोटात व्रण झाला होता म्हणे."

"अल्सर?"

"तेच. पण त्याला आता किती वर्षं झाली. जुन्या डॉक्टरांना नवं काही पटतच नाही. तुमचं चौथं पान काय म्हणतं?"

इथे मी थांबायला हवं होतं. मी पान चार उघडलं. मोरपीस होतं. अंगठाही त्याच्या नेमून दिलेल्या जागी होता. "सौम्य म्हणतं, काका," मी म्हणालो, आणि बॅगेतून सँपलच्या दोन पट्ट्या काढून दिल्या. 'जेवणानंतर घ्या' असंही सांगितलं. तेवढी वैद्यकीय जबाबदारी मी सांभाळली.

आठवड्याने ते कठड्याला हात न लावता जिना चढून आले आणि बाकासमोर दोनदा उठून-बसून दाखवलं. काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तसं माझ्याकडे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. मी आणखी दोन पट्ट्या दिल्या.

सहावा महिना लागला आणि साहेब माझ्याबरोबर दवाखाने हिंडायला आले. याला 'जोडीने काम' म्हणतात. प्रतिनिधी बोलतो, साहेब हात बांधून ऐकतात आणि त्यावरून त्याचं भवितव्य ठरवतात. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की पेठेतले डॉक्टर आता पुष्कळ अनुकूल आहेत. साहेबांचे केस पांढरे असल्यामुळे असेल, पण डॉक्टरांनी त्या दिवशी खुर्च्या दिल्या आणि चक्क मान वर केली. मी पान एक, दोन, तीन अशी झोकात उलगडली. डॉक्टरांनी मध्ये एकच प्रश्न विचारला.

"पोटाचं काय?"

साहेबांनी खूष होऊन माझ्याकडे पाहिलं. या प्रश्नासाठीच तर पान चार होतं. मी ते उघडलं, पेन मोरपिसावर टेकवलं आणि म्हणालो, "पोटाला अगदी सौम्य, सर."

तेवढ्यात दार ढकलून कंपाउंडर आत आला. त्याच्या खांद्यावर पोस्टमास्तरांचा हात होता आणि मागे त्यांच्या पत्नी होत्या.

"डॉक्टर, हे जिन्यातच बसले. घेरी आली म्हणतात."

पोस्टमास्तर कागदासारखे पांढरे पडले होते. त्यांना तपासायच्या पलंगावर निजवलं. आम्ही दोघे भिंतीला चिकटून उभे राहिलो. बाहेर जायला वाटच नव्हती. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय. आज मला सांगितलं. तेही मी ओरडल्यावर."

डॉक्टरांचा हात पोटावर थांबला. "दुखण्यावरची कुठली गोळी घेतलीत?"

"छे."

"नीट आठवा. केमिस्टकडून काही आणलं होतं?"

"केमिस्टकडे मी पायही ठेवला नाही, डॉक्टर," पोस्टमास्तर म्हणाले. ते शब्दशः खरं होतं. मग डॉक्टरांच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच मला 'गप्प बसा' म्हणून खुणावलं. त्या अवस्थेतही ते माझी नोकरी सांभाळत होते. आणि डॉक्टरांचं न ऐकल्याचं पितळ उघडं पडू नये हेही बघत होते.

मी ताबडतोब बोललो असं लिहायला मला आवडलं असतं. पण नाही बोललो. डॉक्टर रक्तदाब मोजत होते. पट्टा फुगला, उतरला. माझ्या डोक्यात वडील, त्यांची पत्रं, साहेबांचे बांधलेले हात, आणि हेही, की डॉक्टर एवढे अनुभवी आहेत, मी न सांगताही काढतील शोधून. पट्टा पुन्हा फुगला. दुसऱ्यांदा उतरताना डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली, आणि मी म्हणालो, "सर, त्यांनी गोळी घेतलीय. मी दिलीय."

"कुठली?"

मी आमच्या गोळीचं नाव सांगितलं. आणि नावानंतर हसलो. सहा महिन्यांची सवय. तोंड आपोआप फाकलं.

"हसताय काय?" डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी विचारलं: किती दिल्या, किती दिवस, दिवसाला किती, शेवटची कधी, शरीरात तिचा अंमल किती तास राहतो. मला सगळं येत होतं. सहा महिन्यांत एका डॉक्टरने मला माझ्या औषधाबद्दल विचारलेले ते पहिले खरे प्रश्न, आणि मी धडाधड उत्तरं दिली. माझ्या डोळ्यांपुढे पलंगावरचा माणूस होता म्हणून, नाही तर मी फार सुखावलो असतो.

"ते पान दाखवा," डॉक्टर म्हणाले. मी दाखवलं. "अंगठा काढा." मी काढला. त्यांनी चष्मा लावून तळाच्या ओळी वाचल्या. पूर्वी पोटात व्रण झालेल्यांना हे औषध देऊ नये, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं.

पोस्टमास्तरांसाठी रिक्षा आली, जवळच्या रुग्णालयात त्यांना दाखल करायचं ठरलं, डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पोस्टमास्तरांच्या पत्नीच्या हातात दिली. मग मला म्हणाले, "सांगितलंत, हे बरं केलंत. आता निघा. आणि त्या बाकावर परत बसलेले दिसू नका. पाय दुखले तरी."

खाली उतरल्यावर साहेबांनी चहा मागवला. 

"म्हातारा नाही म्हणत होता ना?"

"हो, साहेब."

"मग तुला कुणी विचारलं होतं?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं."

मला वाटलं, संपलं. घरी काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. पण साहेबांपुढे माझ्याहून मोठा पेच होता. त्या दिवसाच्या अहवालात त्यांना स्वतःला लिहायचं होतं, आणि खोलीत तेही हजर होते. त्यांनी दुसरा चहा मागवला, पेन काढलं आणि लिहिलं: 'डॉक्टरांनी मात्रा, कालावधी व परिणाम यांविषयी बारकाईने चौकशी केली. पुस्तिकेतील मजकूर स्वतः चष्मा लावून वाचला. प्रतिनिधीचे औषधाविषयीचे ज्ञान उत्तम.' लिहून झाल्यावर त्यांनी ते मला वाचून दाखवलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. खाली त्यांनी 'कायम करावे' असं लिहिलं आणि म्हणाले, "आता पुढच्या महिन्यापासून तुला येरवड्याकडचा भाग देतो. तिकडचे दवाखाने लहान असतात. बाकं नसतात."

पत्र आलं. वडिलांनी पेढे वाटले. आधी कळवून ठेवलेल्या नातेवाइकांना ते कशाचे हे सांगताना त्यांची थोडी ओढाताण झाली, पण निभावून नेली. मला मात्र पेढा गोड लागेना. पोस्टमास्तर चार दिवसांनी घरी आले आणि सावरताहेत असं कंपाउंडरकडून कळलं होतं. त्यांना भेटायला जायचं मी दोन वेळा ठरवलं आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून मोपेड वळवली. शेवटी एका रविवारी सकाळी मंडईत जाऊन चांगली बघून डझनभर मोसंबी घेतली, टाय न लावता गेलो आणि बेल वाजवली.

दार त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी उघडलं. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाजूला झाल्या. पोस्टमास्तर आरामखुर्चीत होते. चेहरा उतरला होता, पण वर्तमानपत्र नीट घडी घालून मांडीवर ठेवलेलं होतं.

"या," ते म्हणाले. "नोकरी गेली का राहिली?"

"राहिली, काका. कायम झालो."

"वा. म्हणजे आम्ही उगाच खोटं बोललो."

"काका, माझं चुकलं. मी तुम्हाला ती गोळी—"

"अहो, मागितली मी. तुम्ही दिलीत. दोघांनाही अक्कल नव्हती. बसा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गुडघे मात्र काय सुरेख चालत होते हो."

"पुरे," काकू म्हणाल्या.

मी उठून मोसंब्यांची पिशवी त्यांच्यापुढे धरली. "काकू, काकांना रस काढून द्या. अगदी ताजी आहेत, आत्ताच मंडईतून आणली. शक्ती येईल."

त्यांनी पिशवी घेतली नाही.

"ठेवा तिथे स्टुलावर," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी डॉक्टरांना विचारते आणि मग देते. तुम्ही आणलीत ना."